छोट्या टाकीतलं पेट्रोल

वाल्दिर बोर्तोलेत्तोच्या गॅरेजच्या भिंतीवर त्याने स्वतः रंगवलेली एक पाटी होती : 'या अंगणात पेट्रोलचा थेंबही मिळणार नाही.' अक्षरं वाकडीतिकडी, पण तोरा एखाद्या बिशपला शोभेलसा. साओ लाझारोतली माणसं पाटी वाचून हसायची आणि गाड्या मात्र त्याच्याकडेच आणायची. पेट्रोलची गाडी उसाच्या अल्कोहोलवर चालवायची असेल, तर आमच्या भागात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे गावाला माहीत होतं. दुर्दैवाने त्यालाही माहीत होतं.

साल होतं ऐंशी. पेट्रोलचे भाव ऐकून माणसं पंपावरून मागे फिरत होती, आणि गावाच्या चारी बाजूंना नजर पोहोचेल तिथवर ऊस. त्याच उसाचं अल्कोहोल पंपावर मिळायला लागलं, तेव्हा ज्याने त्याने आपापली गाडी मेकॅनिकच्या दारात नेऊन उभी केली. बरेचसे मेकॅनिक काय करायचे, कार्ब्युरेटरच्या जेटची भोकं जरा मोठी करायची, टायमिंग थोडं पुढे सरकवायचं आणि गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारून त्याला वाटेला लावायचं. चार महिन्यांत अल्कोहोल कार्ब्युरेटरचा धातू खाऊन टाकायचं, टाकीतला गंज नळीत उतरायचा आणि गाडी भररस्त्यात खोकत उभी राहायची.

वाल्दिर तसला नव्हता. तो कार्ब्युरेटर पूर्ण खोलायचा, उकळत्या पाण्यात धुवायचा आणि मोठ्या गावाला पाठवून त्याला आतून-बाहेरून निकेलचा मुलामा चढवून आणायचा. पेट्रोलची टाकी उतरवून तिला आतून कल्हई करायचा, भांड्याला करावी तशी. इंजिनाचं हेड खालून घासून घ्यायचा, कारण अल्कोहोलला दाब जास्त लागतो, आणि तो मिळाला की ते पेट्रोलपेक्षाही जोमाने ओढतं. जेटची भोकं तो केसाएवढ्या ड्रिलने, बोटांत फिरवून, श्वास रोखून वाढवायचा. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याची बायको अल्झिरासुद्धा कॉफीचा पेला फळीवर ठेवून मुकाट्याने परत जायची.

आणि शेवटी बॉनेटखाली कोपऱ्यात तो लिटरभर मापाची प्लॅस्टिकची एक छोटी टाकी बसवायचा. गारठ्यात अल्कोहोल पेटत नाही, हा त्याचा जन्मजात दोष. म्हणून या छोट्या टाकीत पेट्रोल भरून ठेवायचं. गार सकाळी बटण दाबलं की दोन घोट पेट्रोल इंजिनात जातं, इंजिन जागं होतं आणि मग दिवसभर अल्कोहोल पीत राहतं. आता आमच्याकडे नऊ-दहा महिने ऊबच. त्यामुळे ही टाकी भरायला सगळे विसरायचे, आणि आमच्या थंडीच्या, म्हणजे जून-जुलैच्या, एखाद्या सकाळी अर्धा गाव वाल्दिरच्या दारात, अदबीने 'सेऊ' लावून हाक मारत.

"सेऊ वाल्दिर, गाडी सुरू होत नाही हो."

"छोटी टाकी बघितली?"

मग वाल्दिर कपाळावर हात मारायचा. "बायकोला सांगता का, आज जेवू नकोस म्हणून? मग गाडीला कसं उपाशी ठेवता? जा, माझ्या कॉम्पाद्रेकडून लिटरभर आणा. माझ्याकडे पेट्रोल नसतं, पाटी वाचा."

कॉम्पाद्रे म्हणजे गुमेर्सिंदो, गावातल्या एकुलत्या एका पंपाचा मालक. वाल्दिरच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं. आमच्याकडे हे नातं भावापेक्षा घट्ट समजतात. धर्मपिता आणि बाप एकमेकांना जन्मभर कॉम्पाद्रे म्हणतात, आणि धर्मपित्याला मुलीची आई कॉमाद्रे होते. मुलीचं नाव सिल्मारा; ती गुमेर्सिंदोला 'पाद्रिन्यो', म्हणजे धर्मपिता, म्हणायची. पाच वर्षांची, बापासारखीच टाळूला न लागणारी जीभ, आणि छातीत दमा.

वाल्दिरची स्वतःची गाडी होती ओपाला. सहा सिलिंडरची, दोन दारांची, नारिंगी रंगाची, बॉनेटवर दोन काळे पट्टे. एका उपसरपंचाच्या पोराने ती झाडावर घातली होती. तो सांगाडा वाल्दिरने उचलून आणला आणि वर्षभर रात्रीचा दिवस करून उभा केला. अल्कोहोलवर आणताना तिचं हेड त्याने गिऱ्हाइकांच्या गाड्यांपेक्षा जास्त घासलं, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर चढवले, जेट अकरा वेळा बदलले. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की साखर कारखान्याकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर शर्यती लागायच्या. त्या वर्षी ओपालाच्या पुढे कुणीही गेलं नाही. एकदा शहरातला एक दंतवैद्य परदेशी गाडी घेऊन आला होता, तोही धूर खाऊन परत गेला. धूर म्हणजे तरी काय, गोडसर, उसाच्या दारूचा वास.

"बाबा, आपली गाडी आजोबांसारखी वास मारते," सिल्मारा म्हणाली होती. तिचे आजोबा सकाळच्या कॉफीत पिंगा, म्हणजे उसाची दारू, घालून प्यायचे. ते शेजारीच बसले होते. त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. वाल्दिर मात्र हे वाक्य महिनाभर गावाला सांगत फिरला.

आता या ओपालाची गंमत अशी, की तिलाही छोटी टाकी होती, नळी होती, बटण होतं, पण टाकी कोरडी ठणठणीत. वाल्दिरने तिच्यात कधी पेट्रोल घातलंच नाही. त्याचं म्हणणं, इंजिन नीट जमवलं तर अल्कोहोल गारठ्यातही पेटायला हवं. चोक पूर्ण ओढायचा, पेडल तीनदा दाबायचं, दहा आकडे मोजायचे आणि मग चावी. आठ अंशांवर सुद्धा ओपाला दुसऱ्या फटक्यात सुरू व्हायची. हे त्याने गावात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गिऱ्हाइकांना तर तो टाकी भरा, टाकी भरा म्हणून झापायचा. त्याला एक पूर्ण हिवाळा बिनपेट्रोलचा काढून दाखवायचा होता, मग सप्टेंबरात पंपावर सगळ्यांसमोर बॉनेट उघडून कोरडी टाकी दाखवायची होती. मोठ्या माणसाचा हट्टही कधी कधी शाळकरी पोराचा असतो.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात अल्झिराने विचारलं होतं.

"वाल्दिर, यंदा थंडी लवकर येणार म्हणतात. आपल्या गाडीची ती टाकी भरलीस का?"

"भरली."

"नक्की?"

"अगं, न्हाव्याने स्वतःचे केस वाढू द्यावेत का? भरली म्हटलं ना."

ती हसली आणि कपडे वाळत घालायला गेली. इतकं साधं खोटं. घरात दिवसाला अशी दहा खोटी बोलली जातात आणि दहाही विरून जातात.

त्या जुलैत हिमकण पडले. आमच्याकडे असं दहा-बारा वर्षांतून एकदा होतं. त्या पहाटे उजाडायला लागलं तेव्हा ऊस, तारेचं कुंपण, ओपालाची काच, सगळ्यावर मीठ भुरभुरावं तसं पांढरं पसरलं होतं. अल्झिराने वाल्दिरला हलवून जागं केलं.

"उठ. हिचा श्वास बघ."

सिल्माराचा दमा नवा नव्हता, पण हे वेगळं होतं. तिच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि ओठांवर निळसर झाक होती. ती रडत नव्हती. रडायला लागणारी हवासुद्धा तिच्याकडे नव्हती. अल्झिराने तिला उचलून न्हाणीघरात नेलं, गरम पाणी सोडलं, दार लावून घेतलं, म्हणजे वाफेने थोडं मोकळं होईल. "गाडी काढ!" ती आतून ओरडली.

मोठ्या गावातलं हॉस्पिटल बावीस किलोमीटरवर. ओपालाला ते अंतर म्हणजे दहा मिनिटांचा खेळ. वाल्दिरने चोक ओढला, पेडल तीनदा दाबलं. दहापर्यंत मोजणं मात्र त्याला जमलं नाही, सहावरच त्याने चावी फिरवली. इंजिन जोरात फिरलं. पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा. बटणाकडे त्याची नजर गेली. त्याने बॉनेट उघडलं, कार्ब्युरेटरवर गरम पाण्याची किटली ओतली, प्लग काढून बनियनला पुसले, परत लावले, परत चावी. अंगणात गिऱ्हाइकांच्या तीन गाड्या होत्या, तिघींची इंजिनं फळ्यांवर सुटी पडलेली. दोन घोट पेट्रोल हवं होतं. कपभर. त्या अंगणात ते नव्हतं, भिंतीवर तसं लिहिलेलंच होतं.

दहा मिनिटांनी बॅटरीनेही मान टाकली. तेव्हा तो धावत सुटला. पंप गावाच्या दुसऱ्या टोकाला, दीड किलोमीटर. बनियनवर, चपलाही न घालता तो त्या पांढऱ्या गवतातून धावला. गुमेर्सिंदोने दार उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता पिकअपची चावी उचलली. बसता बसता एवढंच म्हणाला, "ओपालाला काय झालं?"

"बॅटरी उतरली होती," वाल्दिर म्हणाला.

का म्हणाला, ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तोंडातून तेच निघालं, आणि शब्दाला शब्द धरून पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.

सिल्मारा वाटेतच गेली. कारखान्याच्या वळणावर, आईच्या मांडीवर, पिकअपच्या पुढच्या बाकावर. अल्झिराला ते कळलं होतं, पण हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, "आलोच आपण, आलोच." डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने उशीर झाला असं म्हटलं नाही. वाल्दिरने घड्याळात बघून ते स्वतःच मोजलं होतं. पस्तीस मिनिटं.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. जो येई तो दारात ओपाला बघून तेच विचारी, आणि वाल्दिर सांगत राही, "बॅटरी उतरली होती." सासूला सांगितलं, पाद्रीला सांगितलं. अल्झिराची बहीण दाल्व्हा हिला सांगितलं, तेव्हा अल्झिरा शेजारीच खुर्चीवर होती. तिने मान वर करून एकदा नवऱ्याकडे बघितलं. वाल्दिरला वाटलं, आता ही छोट्या टाकीचं विचारणार. तिने काहीच विचारलं नाही. मान खाली घातली ती घातली.

दफनानंतर दुसऱ्या दिवशी वाल्दिर पंपावर गेला. हातात रिकामी बाटली.

"एक लिटर दे, कॉम्पाद्रे."

गुमेर्सिंदोने बाटली हातात घेतली, बाटलीकडे बघितलं, वाल्दिरकडे बघितलं. या माणसाने वर्षभरात आपल्याकडून पेट्रोलचा थेंब नेला नव्हता, हे पंपवाल्याशिवाय कुणाला ठाऊक असणार. त्याने बाटली भरून दिली. वाल्दिर घरी आला, अल्झिरा झोपली आहे याची खात्री केली आणि बॉनेट उघडून ओपालाची छोटी टाकी भरली. घाईघाईत थोडं पेट्रोल इंजिनावरही सांडलं. स्वतःच्या त्या कामाची त्याला जितकी किळस आली, तितकी आयुष्यात कशाचीच आली नाही.

त्याच सप्टेंबरात त्याने ओपाला विकली. लोंद्रिना शहरातला एक माणूस घेऊन गेला. पुढे वर्षभर त्याचे निरोप येत राहिले : गाडी नाही, वीज आहे, आज अमक्याला हरवलं, आज तमक्याला. भला माणूस होता, कौतुकच करत होता. वाल्दिरने शेवटी त्याला सांगून पाठवलं, की पुरे.

पाटी त्याने पांढरा रंग मारून पुसली. त्यानंतर त्याच्या अंगणात पेट्रोलचे दोन डबे कायम भरलेले असायचे. दर मे महिन्यात तो एक डबा सायकलला बांधून गावभर हिंडायचा, दारं ठोठावायचा, बॉनेट उघडायला लावायचा आणि छोट्या टाक्या भरून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. सुरुवातीला लोकांना कीव आली, मग सवय झाली, मग कौतुक. "सेऊ वाल्दिर म्हणजे देवमाणूस," असं पाद्री प्रवचनात म्हणाला, तेव्हा वाल्दिर शेवटच्या बाकावरून उठून बाहेर निघून गेला. लोकांना वाटलं, काय हा विनय.

अल्झिरा घर चालवत राहिली. स्वयंपाक, कपडे, कोंबड्या, रविवारी मिसा. नवऱ्याशी ती कधी कडू बोलली नाही, आणि हेच त्याला सोसत नव्हतं. तिने एकदा भांडावं, ताट फेकावं, 'तू मारलंस' म्हणावं, असं त्याला वाटायचं. उलट ती त्याच्याशी जास्तच जपून वागायची. त्याच्या शर्टाची बटणं शिवून द्यायची, त्याच्या आवडीचा मक्याच्या पिठाचा पोलेंता करायची, तो ओरडला तर ऐकून घ्यायची. दुसरं मूल हवं का, असं त्याने एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "माझ्या हाती नको कुणाचं मूल." त्याला वाटलं, दुःखाने बोलते आहे. सांगून टाकावं, असं त्याला दर जुलैला वाटायचं. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचा, पाणी प्यायचा आणि परत यायचा. सांगितलं तर ही निघून जाईल, आणि मग या घरात सिल्माराला ओळखणारं दुसरं कुणीच उरणार नाही, हे त्याचं भय होतं.

काळ पुढे गेला. अल्कोहोलवरच्या गाड्या सरळ मोटारींच्या कारखान्यातूनच यायला लागल्या, तेव्हा वाल्दिरच्या हाताचं काम सुटलं. एकोणनव्वदच्या सुमाराला पंपांवर अल्कोहोलच मिळेनासं झालं, लोक तासन् तास रांगा लावू लागले, आणि ज्या गाड्या त्याने जीव ओतून अल्कोहोलवर आणल्या होत्या, त्या तीच माणसं पुन्हा पेट्रोलवर करून मागायला लागली. त्याने त्याही करून दिल्या. घासलेल्या हेडखाली जाड पॅकिंग, जेट परत बारीक. गिऱ्हाईक म्हणायचं, "वाईट वाटत असेल ना, सेऊ वाल्दिर?" तो म्हणायचा, "छे."

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये गुमेर्सिंदो आजारी पडला आणि उठला नाही. वाल्दिर रोज दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसायचा. एक दिवस घरातली माणसं जेवायला गेली, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"कॉम्पाद्रे, त्या वेळी तू माझ्याकडून एक लिटर पेट्रोल नेलं होतंस."

"हो."

"मी कधी विचारलं का?"

"नाही."

"आताही विचारत नाही. पण कॉमाद्रेला सांगून टाक. मी मोठ्या तोंडाने वर जाणार, तिथं ती पोर भेटणार मला. 'पाद्रिन्यो, आईला कुणी सांगितलं का,' म्हणून विचारलं, तर मी काय तोंड दाखवू? तुला ठाऊक आहे ना, किती चोंबडी होती ती."

दोघंही हसले. हसता हसता वाल्दिरला रडू फुटलं, आणि आजारी माणसानेच त्याचा हात थोपटला. चार दिवसांनी गुमेर्सिंदो गेला.

त्याला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्दिर स्वयंपाकघरात गेला. अल्झिरा टेबलावर घेवडा पसरून खडे निवडत होती. तो समोर बसला आणि या वेळी पाणी मागितलं नाही.

"अल्झिरा, त्या दिवशी ओपाला बॅटरीमुळे बंद नव्हती."

तिचा हात थांबला.

"छोट्या टाकीत पेट्रोल नव्हतं. मी कधी घातलंच नव्हतं. तू मे महिन्यात विचारलंस, तेव्हा मी खोटं बोललो. मला मिरवायचं होतं. नंतर जाऊन टाकी भरली, कुणाला कळू नये म्हणून." त्याने हे वाक्य तेरा वर्षं मनात घोळवलं होतं, आणि ते संपायला एवढासा वेळ लागला. "मी मारलं तिला. तुला जे म्हणायचं ते म्हण."

ती त्याच्याकडे बघत होती, पण त्याला अपेक्षित होतं तसं नाही. हिशेब न लागणारं काही ऐकल्यासारखी तिची मुद्रा होती.

"म्हणजे बॅटरी चांगली होती?" ती म्हणाली.

"हो."

"नीट सांग. पहिल्यांदा चावी फिरवलीस, तेव्हा इंजिन फिरलं?"

"जोरात फिरलं. दहा मिनिटं फिरत होतं. नवी बॅटरी होती, ईस्टरला घातलेली. मीच चावी मारून मारून ती उतरवली."

"आदल्या संध्याकाळी उतरलेली नव्हती?"

"नाही गं. आदल्या संध्याकाळी कशी उतरेल?"

अल्झिराने हातातले चार दाणे टेबलावर ठेवले.

"आदल्या संध्याकाळी तू कारखान्यावर गेला होतास, त्या ट्रकच्या कामाला," ती म्हणाली. "सिल्माराची छाती घरघरत होती, घरात तिला करमत नव्हतं. आम्ही दोघी ओपालात जाऊन बसलो. तिला गाडीतला रेडिओ आवडायचा. दीड तास लावून ठेवला मी. दिवाही लावला होता आतला, ती अंधाराला भ्यायची म्हणून. ती गात होती, वाल्दिर. मग तू आलास, जेवलो, झोपलो." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांना सांगितलंस, बॅटरी उतरली होती."

वाल्दिर बोलायला गेला, तिने हाताने थांबवलं.

"न्हाणीघरात पाणी सोडलं होतं, मला इंजिन ऐकू आलं नाही. मी तुझ्या शब्दावर गेले. दाल्व्हासमोर तू बोललास, तेव्हा मला वाटलं, याला ठाऊक आहे. रेडिओ कुणी लावला ते याला कळलंय, आणि हा माणूस माझं नाव घेत नाहीये. मी म्हटलं, किती मोठ्या मनाचा नवरा दिला देवाने." तिचा आवाज चढला नव्हता. "दर महिन्याला पाद्रीपुढे गुडघे टेकून मी सांगत आले, की मी माझ्या मुलीला मारलं. तेरा वर्षं. तो म्हणायचा, देवाने क्षमा केली. मी म्हणायचे, तिने केली नसेल."

"अल्झिरा, मला माफ कर."

"टाकीचं माफ केलं," ती लगेच म्हणाली. "आत्ता, या क्षणी केलं. चूक झाली. सगळं गाव विसरतं ती टाकी भरायला, तू घमेंडीत भरली नाहीस, एवढाच फरक. त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी माफ केलं असतं. मारलं असतं तुला, आणि माफ केलं असतं." तिने एप्रन सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. "पण बॅटरीचं नाही. ते मला जमायचं नाही. चल."

"कुठे?"

"तिला सांगायला."

स्मशानभूमी चर्चच्या मागे, चालत दहा मिनिटं. ती पुढे, तो मागे. वाटेत दोघा-तिघांनी नमस्कार केल्यासारखी मान हलवली, तिने कुणाकडे बघितलं नाही. सिल्माराच्या थडग्यावर चिनी मातीच्या चकतीत तिचा फोटो आहे, पुढचा एक दात पडलेला. अल्झिरा त्याच्यासमोर बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "बोल."

वाल्दिरने टोपी काढली. "सिल्मारा, आईची चूक नव्हती."

"ऐकू गेलं नाही."

"सिल्मारा, आईची काही चूक नव्हती. रेडिओमुळे काही झालं नाही. बाबांनी पेट्रोल भरलं नव्हतं, आणि बाबा खोटं बोलले."

"अजून मोठ्याने."

तिसऱ्या वेळी तो इतक्या मोठ्याने ओरडला, की पलीकडे गुमेर्सिंदोच्या ताज्या थडग्यावर विटा लावणारा गवंडी हातातली थापी तशीच धरून बघत उभा राहिला. तेरा वर्षांपूर्वी बॅटरीचं नाव घेतलं तेव्हा वाल्दिरला वाटलं होतं, आपण एका निर्जीव डब्यावर आळ घेतोय, त्या डब्याला काय दुखणार. आता तो थडग्याच्या कडेवर बसला. अल्झिराने त्याला उठवलं नाही. तिने खाली वाकून फोटोवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मुलीशी काहीतरी बोलली, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

दुपारच्या बसने ती दाल्व्हाकडे निघाली. एक पिशवी घेतली, त्यात फारसं काही नव्हतं. परत कधी येशील, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बस सुटेपर्यंत तो फलाटावर उभा होता. ती खिडकीशी बसली होती, पाठ ताठ, मान सरळ, लग्नाच्या दिवशी बसली होती तशी. तेरा वर्षं ती खांदे पाडून, वाकून चालत होती, आणि तो रोज बघत होता, आणि त्याला वाटत होतं, ते दुःख आहे.